तिसऱ्या पुडीतलं जिरं

बळवंतरावांनी लाखेची कांडी मेणबत्तीवर धरली आणि पहिला थेंब बाटलीच्या बुचावर पडायच्या ऐवजी त्यांच्या अंगठ्यावर पडला. ते ओरडले नाहीत. आरोग्य खात्यात निरीक्षक म्हणून सतरा वर्षं काढलेला माणूस लाखेच्या चटक्याला ओरडायला लागला तर झालंच. त्यांनी अंगठा तोंडात घातला, उरलेली लाख नीट बुचावर उतरवली आणि वर पितळी शिक्का दाबला. तिसरी बाटली बंद झाली.

“पूड एकच, मंग बाटल्या तीन कशाला?” चुलीपाशी उकिडवी बसलेल्या जमनाबायने विचारलं.

बळवंतरावांनी समजावून सांगितलं. एक बाटली पुण्याच्या प्रयोगशाळेत जाणार, एक खात्याच्या कपाटात राहणार आणि एक तिच्याकडे. उद्या पुण्याने भलतंच काही लिहिलं तर तिला भांडता यावं म्हणून कायद्यानेच तशी सोय केली होती. जमनाबायने आपली बाटली उजेडात धरून पाहिली, आत तळाशी बसलेली जिरेपूड हलवली आणि बाटली देवाच्या फळीवर ठेवून दिली. सरकार माणसाला भांडायला साहित्य पुरवतं, ही गोष्ट तिला बहुधा आवडली असावी.

साल एकोणीसशे सहासष्टचं. भाद्रपदाचा शुक्ल पक्ष सरत आला होता. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झाल्यापासून दांडी गावाच्या वेशीवर, रस्त्याला लागूनच, जमनाबायची खानावळ चालायची. नवरा तरुणपणीच दर्यात गेला, पोटी मूल नाही. दहा वर्षं तिने टोपली डोक्यावर घेऊन मासळी विकली आणि मग बांधकामावरच्या माणसांचे जेवणाचे हाल बघून चूल पेटवली. एक्केचाळीस माणसं तिच्याकडे जेवत. कुणी फिटर, कुणी वेल्डर, कुणी मुकादम. कुणी पंजाबातला, कुणी केरळातला, कुणी साताऱ्याकडचा. गुरुवारी दुपारी त्यांनी भात, बांगड्याचं कालवण आणि वर जिरेपूड घातलेलं ताक असं जेवण केलं, आणि शुक्रवार उजाडेपर्यंत त्यांतली तेवीस माणसं हगवणीने आडवी झाली. रामनाथ नावाच्या वेल्डरची अवस्था तर अशी झाली, की त्याला जीपमध्ये घालून पालघरच्या दवाखान्यात न्यावं लागलं. दोन बाटल्या सलाईन चढल्यावर तो शुद्धीवर आला. बळवंतराव आधी त्यालाच भेटून आले होते.

खाटेवर पडल्या पडल्या रामनाथने त्यांचा हात धरला होता. “साहब, बाई के हाथ में कोई खोट नहीं है. आप कहीं और देखिए.”

कुठे बघायचं, तेही जमनाबायने साहेब यायच्या आधीच शोधून ठेवलं होतं. बळवंतरावांनी वही उघडली, पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, तेवढ्यात तिने सांगून टाकलं, की ताक प्यायले ते पडले आणि ज्यांनी ताकाला हात लावला नाही त्यांतला एकही पडला नाही. तिच्या स्वतःच्या वाट्याला त्या दिवशी ताक उरलंच नव्हतं. दूध तेच, म्हैस तीच, विरजण तेच. मंगळवारीही लोकांनी ताक प्यायलं होतं आणि कुणाला काही झालं नव्हतं. मंगळवार आणि गुरुवार यांच्या मध्ये नवीन काय आलं? जुनी जिरेपूड संपली आणि बुधवारी नवीन कुटली. झालं. बळवंतराव लिहिता लिहिता थांबले. इथवर पोचायला खात्याच्या डॉक्टरांना दोन बैठका आणि एक चहापान लागलं असतं.

जिरं पालघरच्या बाजारातलं, नरहरी वाण्याकडचं. त्या साली गुजरातेतल्या उंझ्याचं जिरं महागलं होतं, म्हणून नरहरीने इराणातून बोटीने मुंबईला उतरलेलं जिरं आणलं होतं. दिसायला काळपट, वासाला बरं, पण काड्या, माती, उंदराच्या लेंड्या आणि एक कबुतराचं पीससुद्धा त्यात निघालं. कुठल्या देशातलं, किती गोदामांतून फिरलेलं, किती हमालांच्या पायाखाली आलेलं, देव जाणे. ते बघून जमनाबायच्या कपाळाला आठ्या चढल्या होत्या.

आणि जमनाबायची स्वच्छता म्हणजे सगळ्या दांडीला तापच होता. नखात काळं दिसलं तर ती जेवायला बसलेल्या माणसाला पानावरून उठवायची. मग तो मुकादम असो की मुकादमाचा बाप असो. मासळी, तांदळाच्या टोपल्या, भांडी, फडकी, सगळं तिच्या घरचं भरतीच्या वेळी खाडीत धुतलं जाई. साठवलेलं पाणी बाटतं, वाहतं पाणी बाटत नाही, असा तिचा नेम. गावातल्या निम्म्या सुनांना तिने या नेमाचे धडे दिले होते. सुना पाठीमागे तिची नक्कल करायच्या, आणि घरी गेल्यावर तिने सांगितलं तसंच वागायच्या. उंझ्याचं निवडलेलं जिरं धुवावं लागत नसे, पण इराणातल्या त्या जिऱ्याला तिने सोडलं नाही. निवडलं, टोपलीत घालून खाडीच्या पाण्यात तीनदा खळबळून काढलं, आणि आभाळ आल्यामुळे दोन दिवस पडवीत चटईवर सुकवलं.

धुतलं ते तिच्या हाताखालच्या हंसाने. कुटलंही हंसानेच. ती आत्ता भिंतीला टेकून बसली होती आणि बळवंतरावांच्या शिक्क्याकडे बघत होती, जणू तो तिच्याच कपाळावर बसणार होता.

हंसा शेजारच्या राहीबाईची सून. नवरा दादू होडीवर, महिन्यातले वीस दिवस पाण्यावर. दीड वर्षाची मुलगी, सुलू. महिनाभर सुलूचं पोट चालू होतं. पोरगी अशी वाळली होती, की हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत चढवाव्या लागत. राहीबाईने अंगारे केले, उतारे टाकले, आणि कशाचाच गुण येईना तेव्हा निदान करून टाकलं: सुनेचा हात वाईट. तिच्या हातचं पोराला बाधतं. तोवर गावाने ते हसण्यावारी नेलं होतं. पण खानावळीतली तेवीस माणसं आडवी झाली आणि राहीबाईच्या बोलण्याला एका दिवसात वजन आलं. जिच्या हातचं पोर सुकतं तिच्याच हातचं खाऊन माणसं पडली, आता अजून काय पुरावा पाहिजे? पितृपक्ष सरला, की दादू होडीवरून येणार होता. तो आला, की हंसाला सातपाटीला माहेरी पाठवायचं आणि सुलूला इकडेच ठेवायचं, असं राहीबाईने चार बायकांत बोलून दाखवलं होतं. त्या दिवसापासून ती पोरीला आईजवळ देतही नव्हती.

हे सगळं बळवंतरावांना जमनाबायने हंसादेखतच सांगितलं. लपवाछपवी तिच्या स्वभावात नव्हती.

“पुन्याचं उत्तर कवा येल?” तिने विचारलं.

“पंधरा दिवस. फार तर तीन आठवडे.”

“आनि उत्तरात काय येतं? कुनाच्या हातचं, ते येतं?”

बळवंतराव जरा चाचरले. “जंतू आहेत की नाहीत ते येतं. कसले आहेत ते येतं. हात कुणाचा ते कसं येईल?”

“मंग तुमच्या बाटलीचा हंसाला काय उपेग?”

निरीक्षकांनी शिक्का पिशवीत टाकला. खानावळ तूर्त बंद ठेवावी लागेल, हे कसं सांगावं याची त्यांनी वाटेत बरीच जुळवाजुळव केली होती. तीही वाया गेली. जमनाबायने सकाळीच चूल विझवली होती आणि दाराच्या कडीला दोर गुंडाळून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी बळवंतराव नरहरीच्या दुकानात गेले. नरहरीने अर्थातच कानावर हात ठेवले. आपलं जिरं अर्धं पालघर खातं, कुणाची तक्रार नाही, आणि कोळणीच्या खानावळीत काय काय चालतं ते बघायला साहेब कधी गेले होते का, असं त्याने गिऱ्हाइकांसमोर विचारलं. साहेब तर फिरतीवर असले की तिथेच जेवायचे. बळवंतरावांनी गोणीत हात घालून तळापासून जिरं उपसलं, लेंड्यांसकट तीन बाटल्यांत भरलं आणि या वेळी अंगठा सांभाळून लाख ओतली. मनातून त्यांचा निकाल लागलेला होता. दोष गोणीचाच. परदेशातून आलेला माल, बोटीतले उंदीर, गोदामातली कबुतरं. यात आणखी तपासायचं काय? माकुणसारला त्यांची वाडी होती, आणि वाडीतला माणूस जसा एखाद्या झाडाला कीड लागणारच नाही असं छातीवर हात ठेवून सांगतो, तसं त्यांनी जमनाबायच्या घराबद्दल कुणालाही सांगितलं असतं.

पुण्याहून कागद आला तो अठराव्या दिवशी. बळवंतरावांनी तो तीनदा वाचला. नरहरीच्या गोणीत माती सापडली होती, किड्यांचे अवशेष सापडले होते, उंदराचे केस सापडले होते. रोगाचे जंतू सापडले नव्हते. जमनाबायच्या पुडीत माती नव्हती, केस नव्हते, काडीसुद्धा नव्हती. तिच्यात हगवणीचे जंतू होते. माणसाच्या आतड्यातून आलेले, असं खाली टाइप करून पुन्हा शाईने अधोरेखित केलेलं होतं.

म्हणजे जिरं गोणीतून बाहेर पडल्यावर आणि बाटलीत जायच्या आधी बिघडलं. मधल्या वाटेवर होते ते फक्त हात.

आरोग्य केंद्रावरच्या डॉक्टरांनी कागदावरून नजर फिरवली आणि हे तर सरळच आहे म्हणाले. कुटणारी बाई कोण, तिला तपासणीला आणा, अहवालात नाव घाला, प्रकरण मिटलं. डॉक्टर चुकीचं काही बोलत नव्हते. तीच तर पंचाईत होती. सरकारी कागदावर हंसाचं नाव चढलं की राहीबाईला अंगाऱ्यांची गरज उरणार नव्हती.

दांडीला जाणाऱ्या एस.टी.त बसल्यावर बळवंतरावांच्या मनात जे आलं, ते सतरा वर्षांत कधी आलं नव्हतं. नरहरीची गोणी घाण होतीच. दंड तर त्याला होणारच होता. मग अहवालात एवढंच लिहायचं, की परदेशी जिरं घाण निघालं आणि त्यापासून माणसं आजारी पडली. पुण्याच्या कागदातले दोन निकाल शेजारी शेजारी ठेवून वाचायला वर कुणाला वेळ होता? नरहरीचं काही बिघडत नाही, हंसा सुटते, खानावळ सुरू होते. बोईसर मागे पडेपर्यंत त्यांनी मनातल्या मनात वाक्यंही जुळवली. पितृपक्ष सरायला दोन दिवस उरले होते.

खानावळीच्या दाराला दोर नव्हता. आत जमनाबाय चटईवर पडली होती. एवढी उंच, रुंद हाडाची बाई, पण गालफडं बसली होती आणि ओठ पांढरे पडले होते. हंसा तिला झावळीच्या पंख्याने वारा घालत होती. बळवंतराव दारातच थबकले.

“या सायेब,” ती म्हणाली. आवाज खोल गेला होता, पण डोळे लख्ख होते. “बसा. आज ताक नाय.”

कधीपासून, असं त्यांनी विचारलं. परवापासून, हंसा म्हणाली. पहिल्या रात्री तर धरवत नव्हती. बळवंतरावांनी घाईघाईने पिशवीतून गोळ्या काढल्या. मग नाडी बघितली, हाताची कातडी चिमटीत धरून बघितली, लघवी होते का ते विचारलं. धोका टळलेला दिसत होता. तेव्हा कुठे त्यांना राग आला. खानावळ बंद, बाहेरचं खाणं नाही, आणि तरी ही बाई पडलीच कशी?

“ठरवून पडले,” जमनाबाय म्हणाली.

मग तिने थांबत थांबत, मध्ये पाण्याचा घोट घेत सगळं सांगितलं. बळवंतराव बाटल्या घेऊन गेले त्या दिवशी तिच्या डब्यात नरहरीचं जिरं अजून उरलं होतं. त्याच्या तिने तीन पुड्या बांधल्या. पहिल्या पुडीतलं जिरं नुसतं निवडलं, धुतलं नाही, तसंच कुटलं. दुसऱ्या पुडीतलं गावविहिरीच्या पाण्यात धुऊन, सुकवून कुटलं. तिसऱ्या पुडीतलं खाडीत धुतलं, मागल्या खेपेला जिथे धुतलं होतं त्याच जागी, तशाच भरतीला. मध्ये दर वेळी खलबत्ता आणि भांडी उकळत्या पाण्याने धुतली. आणि या सगळ्या दिवसांत तिने दुसरं काही खाल्लं नाही. उकळलेल्या पाण्याची पेज आणि ताक, ताकावर पूड. बाकी काही पोटात गेलं असतं तर मग दोष कशाला लावणार?

पहिली पुडी पाच दिवस खाल्ली. काही झालं नाही.

“उंदराचं जिरं पचलं,” ती म्हणाली आणि जरा हसली. “नरहरीला सांगू नका. माज करील.”

दुसरी पुडी पाच दिवस. पोट दगडासारखं घट्ट. तिसरी पुडी सुरू केली आणि दुसऱ्याच दिवशी ती चटईवर आली.

बळवंतराव ऐकत राहिले. त्यांच्या खिशात पुण्याचा कागद होता. तो कागद करायला तिकडे शिकलेली माणसं होती, काचेची भांडी होती, सूक्ष्मदर्शक यंत्रं होती. इथे अक्षरशत्रू बाईने आपलं पोट लावलं होतं, आणि तरी काय काय वेगळं ठेवायचं, काय काय सारखं ठेवायचं, यात तिची कुठे चूक नव्हती. आपल्याला अभिमान कशाचा वाटतो आहे, या बाईशी आपलं नातं काय, हे त्यांना कळेना, पण वाटला तो अभिमानच.

“मेल्या असतात म्हणजे?” ते म्हणाले. आवाज उगाचच चढला.

“तरी कळलंच असतं ना,” जमनाबाय म्हणाली. “हंसाला सांगून ठेवलं व्हतं, कंची पुडी चाललीय ते.”

खाडी आजच बाटली नव्हती. आठ महिन्यांपूर्वी वरच्या अंगाला ठेकेदारांच्या मजुरांच्या झोपड्या उभ्या राहिल्या. आधी पन्नास, मग पाचशे. आता हजार दोन हजार माणूस तिथे राहत होतं. सकाळी ती सगळी माणसं कुठे जातात, हे जमनाबायने विचारलं नाही. बळवंतरावांना ते ठाऊक होतं. खाडीपासून लांब संडासासाठी चर खणून द्यावेत म्हणून त्यांनीच वर दोनदा लिहिलं होतं आणि उत्तर आलं नाही म्हणून दोनदा गप्प बसले होते. ते खाली मान घालून सतरंजीचा दोरा ओढत राहिले.

“बापजाद्यांपासनं त्याच पान्यात धुतलं,” जमनाबाय म्हणाली. “मी सगल्या गावाला शिकवलं. वाहतं पानी बाटत नाय म्हनून. तिला पन मीच शिकवलं. पोराची वाटी, चमचा, दुपटी, सगलं खाडीत.” तिने पाण्याचा घोट घेतला. “मानसं उठली सायेब. सुलूचं पोट म्हैना उलटला तरी थांबना. म्हनून घाई केली.”

हंसाचा पंखा थांबला होता. तिने तो पुन्हा सुरू केला.

बळवंतरावांनी कागद काढून वाचून दाखवला. गोणीत जंतू नाहीत, खानावळीतल्या कुटलेल्या जिऱ्यात आहेत, माणसाच्या आतड्यातले. जमनाबायने डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली, जणू तिच्याच शब्दाला कुणी दुजोरा दिला होता. गाडीत जुळवलेली वाक्यं बळवंतरावांनी मात्र सांगितली नाहीत. त्यांना ती आता सांगण्यासारखी वाटेनात.

पण एक गोष्ट सांगणं भाग होतं. वर डॉक्टर बसले होते आणि ते विचारणारच होते.

“जमनाबाय, मला पटलं. खाडीचं पाणी मी आज बाटलीत भरून नेतो. पण उद्या मला विचारतील, की गुरुवारच्या वेळी खाडीत धुणारे हातही हंसाचे आणि या वेळीही हंसाचेच. मग पाण्याचा दोष की हाताचा, हे कशावरून? हे राहीबाईही विचारील.”

हंसाने मान वर केली. एवढ्या वेळात पहिल्यांदा तिने साहेबांकडे सरळ बघितलं. तिच्या डोळ्यांत भीती असेल असं त्यांना वाटलं होतं, ती नव्हती.

“पयली पुडी हंसानं निवडली, हंसानं कुटली,” जमनाबाय सावकाश म्हणाली. “दुसरी हंसानं धुतली, हंसानं कुटली. दहा दिवस मी तिच्याच हातचं खाल्लं. तिसऱ्या पुडीला मी तिला हात लावू दिला नाय.”

“मग तिसरी कुणी केली?”

जमनाबायने मागच्या दाराकडे बघितलं. तिथे पावलं वाजली.

राहीबाई आत आली. एका हातात वाफाळत्या पेजेचं पातेलं, कडेवर सुलू. पोरगी आजीच्या खांद्यावर मान टाकून बोट चोखत होती. अजून वाळलेलीच, पण डोळे उघडे होते. राहीबाईने सगळं ऐकलं असावं, कारण ती उंबऱ्याशीच उभी राहिली आणि तिने साहेबांकडे न बघता पातेलं खाली ठेवलं. ही सून घालवायला निघालेली सासू. तिला जमनाबायने गेल्या आठवड्यात बोलावून एक पुडी दिली होती आणि एवढंच म्हटलं होतं, की हंसाच्या हाताचा मला भरवसा नाही, हे जिरं तू तुझ्या हाताने खाडीत धू आणि कुट. राहीबाईने केवढ्या हौसेने ते केलं होतं. तीन मुलं वाढवलेले हात होते तिचे.

“तिसरी मी धुतली,” ती म्हणाली. “कुटली पन मीच.”

बळवंतरावांनी वही उघडली, पेन्सिल जिभेला लावली आणि तशीच हातात धरून ठेवली.

राहीबाईने सुलूला कडेवरून उतरवलं, हंसाच्या मांडीवर ठेवलं आणि पोरीच्या पायावरचा झगा नीट केला. मग तिने कोपऱ्यातली रिकामी कळशी उचलली. दाराबाहेर पडून ती खाडीकडच्या जवळच्या वाटेने गेली नाही. वळसा घालून, गावविहिरीच्या वाटेला लागली.